इतर हक्क

"पातेलं खाली ठेव. हातात धरू नको," आप्पा म्हणाले.

मायनं पातेलं मांडवाच्या बाहेर मातीवर ठेवलं. मी तिच्या शेजारी उभी होते. सातवीत होते. लग्नाचा दिवस असूनही अंगावर शाळेचा गणवेश, कारण दुसरा धड कपडा नव्हता. आप्पा म्हणजे आमच्या गावचे मालक. बोरीवरून आत गेलं की आमचं गाव लागतं, आणि ओढ्यापर्यंतचं निम्मं शिवार आप्पांचं. त्या दिवशी त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न होतं. माझ्या बानं दोन दिवस त्यांच्या चुलवणाची लाकडं फोडली होती. सगळ्या पंगती उठल्यावर आमच्या वस्तीत निरोप आला, हक्क घेऊन जा.

आप्पांच्या बाजूला परभणीचे एक पाहुणे खुर्चीवर बसून पान खात होते. त्यांनी माझ्या गणवेशाकडे बघितलं.

"शाळंत जातीस का गं?"

"हो."

"काय शिकायलीस सध्या?"

मी खरं तेच सांगितलं. त्या आठवड्यात नागरिकशास्त्राचा तोच धडा चालू होता. मी म्हणाले, "मूलभूत हक्क."

आप्पांना हसू आलं. "म्हणून दाव बरं पाहुण्यांना."

मी म्हणून दाखवले. बोटांवर मोजत. समानतेचा हक्क. स्वातंत्र्याचा हक्क. शोषणाविरुद्धचा हक्क. एक अक्षर चुकलं नाही. हे लिहितानाही मान खाली जाते, पण मला तेव्हा छान वाटत होतं. वाटलं, पाहुणे शाबासकी देतील. चौथ्या बोटाशी आप्पांनी हात वर केला.

"बास. फुडचा मी सांगतो." त्यांनी वाढप्याला खूण केली. "वत रे. घे पोरी, ह्यो तुझा हक्क."

वाढप्यानं उभ्या उभ्याच, वरून, पातेल्यात भात ओतला. भातावर वांग्याची भाजी. त्यावर बुंदी. आणि बुंदीवर वरण.

मांडव हसला. पाहुणेही हसले. कुणीतरी म्हणालं, "पाठ लय चांगलं हाय पोरीचं." मी मायकडे बघितलं. ती पातेल्याकडे बघत होती. तिनं पदरानं पातेल्याचा काठ पुसला, पातेलं डोक्यावर घेतलं आणि चालू लागली. मी मागं मागं.

मी ते जेवण खाल्लं. लपवून काय करू? भूक लागली होती. वरणात भिजलेली बुंदी बोटानं वेचून वेचून खाल्ली. राग आला तो पोट भरल्यावर. मग मात्र असा आला की मी ताटली भिंतीवर फेकली.

मायनं माझ्या पाठीत धपाटा घातला. "अन्नाला पाय लावतीस का? भीक मागाया गेलते का आपुन? हक्क हाय त्यो आपला. आपुन न्हाई गेलो तर दुसरं कुणी नेईल."

हे मला आप्पांच्या हसण्यापेक्षा जास्त लागलं. आमच्या वस्तीनं पणज्याच्या काळात धम्म घेतला. मेलेली ढोरं ओढणं सोडलं, गावाची राखण करायची येसकरकी सोडली, मरणाचा सांगावा घेऊन गावोगाव पळणं सोडलं. भिंतीवरचे देव ओढ्यात गेले. एवढं सगळं सुटलं आणि हे एक कसं कोण जाणे चिकटून राहिलं. आप्पांच्या घरचं लग्न असलं की आमच्यातल्या एका घरानं लाकूड फोडायचं आणि शेवटी पातेलं न्यायचं. त्याला भीक म्हटलं असतं तर मायनं मरेपर्यंत नेलं नसतं. म्हणूनच कुणीतरी त्याला हक्क म्हणून ठेवलं. हे कुणाचं डोकं, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. पण ज्यानं कुणी ते नाव दिलं, तो आप्पांच्या मांडवातलाच असणार. आमच्या वस्तीतला नव्हे.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी सरांना विचारलं, "सर, लग्नातलं उरलेलं न्यायचं असतं तो हक्क कितवा?"

सर खडूचा हात झटकत म्हणाले, "तो हक्क वेगळा, हा वेगळा. परीक्षेला तो येत नाही."

एवढंच. पण तेव्हापासून मला एक खोड लागली. कुणी हक्क म्हटलं की मी त्याच्या तोंडाकडे बघत नाही, हाताकडे बघते. हातात काय आहे आणि ते किती उंचीवरून खाली येणार आहे.

बारावीनंतर मी टायपिंग शिकले आणि तालुक्याला एका दस्तलेखकाकडे कामाला लागले. तहसीलच्या भिंतीला लागून पत्र्याचं शेड, एक टेबल, एक जुना कॉम्प्युटर. दस्तलेखक म्हणजे सत्तरी ओलांडलेले चाचा. त्यांचे वडील निजामाच्या काळात कचेरीत कारकून होते, त्यामुळे चाचांना जुने उर्दू कागद वाचता यायचे. गावोगावची माणसं पिवळी पडलेली कागदं घेऊन यायची आणि चाचा भिंग लावून वाचून दाखवायचे. मला पहिल्याच आठवड्यात जो कागद टाइप करायला दिला, त्याचं नाव होतं हक्कसोडपत्र.

मी थांबले. चाचांना कळलं असावं. चहा सांगून म्हणाले, "काय झालं बेटा?"

मी पातेल्याची गोष्ट सांगितली. कुणालाच सांगितली नव्हती तोवर.

चाचांनी भिंग पुसून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "हक हा अरबी लफ्ज हाय बेटा. त्याचा असली अर्थ खरं. जे खरं हाय ते. आमच्यात तर अल्लाचं एक नाव हाय हक. मग फारसीतून कचेरीत आला, तर त्याचा अर्थ झाला ज्याचं त्याला. पाटलाचा हक, कुलकर्ण्याचा हक, तुमच्या लोकांचा हक. ज्याला जे ठरवून दिलं ते."

"कुणी ठरवून दिलं?"

"ज्याच्या हातात कलम होती त्यानं."

मग मला एकेक कळत गेलं. नाहक म्हणजे ज्यात खरं नाही ते. हकनाक मेला म्हणतात तेही त्याच घरातलं. एक शब्द अरबस्तानातून निघाला तेव्हा खरं होता. आमच्या गावात पोचेपर्यंत उरलेला भात झाला. मधे मूलभूत होऊन पुस्तकात जाऊन बसला. मी चाचांना म्हणाले, "खरं असतं तर त्याला कागद कशाला लागला असता?" चाचा हसले. "म्हणून तर आपली दुकान चालते."

चाचांवरही माझा पहिल्यांदा विश्वास बसला नव्हता. हे सांगून टाकते. मला वाटायचं, हा म्हातारा गोड बोलतो, मनात काय आहे कुणास ठाऊक. वर्षभर मी त्यांनी लिहिलेला प्रत्येक कागद त्यांच्या मागं पुन्हा वाचायची. त्यांना माहीत होतं. कधी रागावले नाहीत. उलट म्हणाले, "अशीच वाच. माझापण कागद वाचल्याशिवाय सही करू नको."

त्यांनी मला धंद्याच्या दोन गोष्टी शिकवल्या. सही पानापानावर घ्यायची, नुसती शेवटच्या पानावर नाही, कारण शेवटचं पान तेच ठेवून आधीची पानं बदलता येतात. आणि कोरी जागा सोडायची नाही, तिच्यावर तिरकी रेघ मारायची. "कोऱ्या जागेवर इमान ठेवू नको बेटा," म्हणायचे. "माणसावर एक वेळ ठेव."

हक्कसोडपत्रं मी शेकड्यांनी टाइप केली असतील. बहुतेक बहिणींची. भाऊ त्यांना घेऊन यायचे. मी दारातूनच ओळखायची. ज्या बाईला नवी साडी नेसवून आणलंय, ती हक्क सोडायला आलेली. सगळ्या कागदांच्या शेवटी तीच ओळ. राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता लिहून दिले असे. बाई खाली मान घालून सही करायची आणि भाऊ तिला उसाचा रस पाजायला न्यायचा. एकदा आप्पांची ती थोरली मुलगीसुद्धा आली होती. जिच्या लग्नात मी बोटांवर हक्क मोजले ती. निळी नवी साडी. मी तिला विचारलं, "वाचून दाखवू का?" ती म्हणाली, "कशाला? आप्पा हायत ना." मी कागद तसाच पुढं केला. तेव्हा मला बरं वाटलं होतं का? वाटलं होतं. आता वाटत नाही.

माय गेली त्याला सात वर्षं झाली. आमच्या लोकांची माती ओढ्याकाठी होते. दहा गुंठ्यांचा तुकडा आहे, बाभळींच्या पलीकडे. तिथंच तिला अग्नी दिला. तिसऱ्या दिवशी राख सावडताना बा म्हणाला, "ही जागा आपलीच हाय, काही भ्या न्हाई." मी तालुक्याला परत गेल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर त्या गटाचा सातबारा काढला. गट आप्पांच्या नावावर. पण सातबाऱ्यात एक रकाना असतो. त्याचं नाव ‘इतर हक्क’. त्यात जुन्या नोंदीवरून उतरत आलेली एक ओळ होती. ओढ्याकाठी दहा गुंठे, महार समाजाची स्मशानभूमी, वहिवाट.

रकान्याचं नावही बघा. इतर. पण ओळ होती. कुणी ओतलेली नाही, लिहिलेली. ती वाचून मी तहसीलच्या पायरीवर बसून रडले. मायला हे दाखवायला हवं होतं. तिला पातेल्यातला हक्क तेवढा माहीत होता.

मागच्या वर्षी ओढ्याच्या बाजूनं मोठा रस्ता जाणार, जमिनीला मोबदला मिळणार असं ऐकू येऊ लागलं. मोजणीवाले येऊन गेले. बाभळींच्या बुंध्यांवर लाल खुणा पडल्या. आणि पंधरा दिवसांत मला आप्पांचा फोन.

"ताई, संविधान दिनाचा कारेक्रम घ्यायलोत गावात. आपल्या गावची लेक तालुक्याला कायद्याचे कागद लिहिती, तुमचा सत्कार करावं म्हणतो. ‘आपले हक्क’ ह्यावर दोन शब्द बोला."

ताई. आणि तुमचा. आप्पांनी माझ्या बाला आजवर अरेतुरेशिवाय हाक मारली नाही. मी फोन ठेवला आणि चाचांना म्हणाले, "काहीतरी हाय." चाचांची नजर आता गेलीय, पण ते म्हणाले, "जा. डोळे घेऊन जा."

कार्यक्रम ग्रामपंचायतीपुढच्या मैदानात होता. कापूस वेचणीचे दिवस. आमच्या वस्तीतल्या बाया निम्म्या दिवसाची वेचणी टाकून आल्या होत्या, कारण आप्पांनीच निरोप धाडला होता. व्यासपीठावर संविधानाची प्रत, तिला हार. आप्पा अध्यक्ष. मला त्यांच्या शेजारची खुर्ची. मग सत्कार. शाल, नारळ, आणि आप्पांच्या सूनबाईंनी माझ्या हातात एक साडी ठेवली. कोरी. घडी न मोडलेली.

नवी साडी. शेकडो बाया डोळ्यांपुढून गेल्या.

बाजूला जेवणाची तयारी चालली होती. या वेळी टेबलं मांडली होती, खुर्च्या होत्या. आमच्या वस्तीलासुद्धा. बुंदी वेगळ्या वाटीत होती.

मी खाली बघितलं. मैदानाच्या कडेला आप्पांचा पुतण्या टेबल टाकून बसला होता. पुढं जाड पॅड, पॅडला कार्यक्रमाची पत्रिका लावलेली, तिच्या खालून एक कागद दिसत होता. आमची माणसं रांगेनं त्यावर सह्या करत होती. सही झाली की जेवणाचं कूपन. टेबलापाशी माझा बा, एकेकाच्या हातात पेन देत. बा प्रौढशिक्षणाच्या वर्गात सही शिकला. पाच अक्षरं, प्रत्येक अक्षर शेत नांगरल्यासारखं सावकाश. सही करायला मिळाली की त्याला कोण आनंद होतो. त्यानं पहिली सही केली होती. त्याच्याखाली तेरा झाल्या होत्या. काही अंगठे.

मी व्यासपीठावरून उतरले. "कसल्या सह्या?"

"हजेरी, ताई," पुतण्या म्हणाला. "वर पाठवावी लागती."

कागद हिरवट होता. लांब. आमच्या शेडमध्ये याच कागदाच्या गठ्ठ्यावर मी बारा वर्षं काढली. हजेरी कुणी दस्ताच्या लेजर पेपरवर घेत नाही. आणि उजवीकडे सह्यांच्या वर छापलेलं होतं, लिहून देणार. शेजारी खाली, लिहून घेणार. जेवणाच्या हजेरीत लिहून देणार कोण असतो? तळाला पानाचा आकडा होता, तीन.

मी पत्रिका वर सरकवली. पुतण्यानं पॅड ओढलं. मी सोडलं नाही. वर मजकुराच्या शेवटच्या तीन ओळी होत्या. ‘ओढ्याकाठच्या वहिवाटीबाबत आमचा कोणताही हक्क राहिलेला नाही व पुढेही राहणार नाही. सदरचे हक्कसोडपत्र राजीखुशीने, अक्कलहुशारीने लिहून दिले असे.’

पहिली दोन पानं कुठंच नव्हती.

मी पॅड छातीशी धरलं. मला भीती वाटली नाही, असं म्हणायला आवडलं असतं. पण वाटली. समोर शंभरभर माणसं, माझा बा, आणि ज्यांच्या शेतात उद्या आमच्या बाया वेचणीला जाणार ते मालक. मी पॅड घेऊन माइकपाशी गेले आणि त्या तीन ओळी वाचल्या. एकदा. मग पुन्हा एकदा, सावकाश, बाला कळावं म्हणून.

रांग थांबली. आप्पा खुर्चीतून उठले नाहीत. शांतपणे म्हणाले, "ताई, कागद करणाराची चूक झाली आसंल. तुमचा आमच्यावर ईश्वास न्हाई का?"

"न्हाई," मी म्हणाले.

एवढाच शब्द. पण तो सातवीपासून माझ्या घशात होता.

बा टेबलापाशीच उभा होता. पेन अजून त्याच्या हातात. म्हणाला, "आगं, त्यांनी तर हजेरी म्हणून सांगितलं." त्याचा चेहरा मला बघवेना. त्याला आयुष्यात एक अभिमान होता, सही येते हा. तोच त्यांनी फासासारखा वापरला. मी पॅड परत टेबलावर ठेवून त्याला म्हणाले, "बा, ज्यानं सही केली त्यानंच खोडायची असती. मी खोडून चालत न्हाई."

बानं पेन टेकवलं. पाच अक्षरं लिहायला त्याला मिनिटभर लागत असेल. खोडायला एक रेघ लागली. मग शेजारी त्यानं पुन्हा आपलं नाव लिहिलं, मी सांगितलं तसं, खोडल्याची सही म्हणून. त्याच्यामागं बाकीचे आले. सगळे नाही. दोघंजण मान वळवून जेवायला गेले, त्यांची पोरं आप्पांच्याकडे सालानं कामाला आहेत. बारा जणांनी खोडलं. उरलेल्या कोऱ्या जागेवर मी खालपासून वरपर्यंत तिरकी रेघ ओढली.

पुतण्या म्हणाला, "कागद द्या." मी दिला नाही. साडी मात्र दिली. घडी न मोडता, सूनबाईंच्या हातात.

आम्ही न जेवता घरी आलो. बुंदी वेगळ्या वाटीत होती, तरी.

सगळं गोड झालं असं कुणी समजू नये. दुसऱ्या दिवसापासून आमच्या बायांना आप्पांच्या आणि त्यांच्या भावकीच्या शेतात वेचणीला बोलावणं बंद झालं. आता त्या टेम्पोत कोंबून बारा कोस लांब जातात. वस्तीतल्याच एका मावशीनं मला तोंडावर सुनावलं, "तुझं बरं हाय, तू तालुक्याला ऱ्हातीस. हितं आमाला जगायचंय." तिचं खोटं नाही.  

दर महिन्याला मी तो सातबारा काढते. पहिल्यांदा इतर हक्काचा रकाना. ओळ आहे. अजून आहे. चाचांना वाचून दाखवते, ते नुसती मान हलवतात. आणि दर रविवारी वस्तीतल्या पाराशी बसते. ज्याला कुणी कसला कागद दिला असेल, तो घेऊन येतो. कूपनाचा, गॅसचा, बचत गटाचा. वाचल्याशिवाय कुणाची सही नाही. बा शेजारी बसून कोऱ्या जागांवर रेघा मारतो.

गेल्या महिन्यात आप्पांच्या नातीचं लग्न ठरलं. त्यांचा गडी आमच्या दाराशी आला. बाहेरच उभा राहून म्हणाला, "लाकडं फोडाया बोलावलंय. आन् मागून पातेलं घिऊन या, हक्क न्याया."

बा काही बोलायच्या आत मी म्हणाले, "आमच्यात पातेलं न्हाई."

गडी हसला. त्याला शिकवूनच पाठवलं असावं. "म्हंजी हक्क सोडला म्हणून सांगू का आप्पांला?"

मी आतून एक कागद आणला. उंबऱ्यावर बसले आणि त्याच्यासमोर लिहिलं. लग्नातल्या उरलेल्या जेवणावर आमच्या घराचा कोणताही हक्क राहिलेला नाही व पुढेही राहणार नाही. ओढ्याकाठच्या दहा गुंठ्यांवरचा हक्क सोडलेला नाही, सोडणार नाही. राजीखुशीने, अक्कलहुशारीने. खाली बानं सही केली, पाच अक्षरं, सावकाश. त्याखाली मी केली. उरलेल्या जागेवर रेघ मारली.

"हे न्हे," मी गड्याला म्हणाले. "आन् आप्पांना सांग, मी मेल्यावरसुद्धा तिथंच येणार हाय."